विसाव्या मजल्यावरून

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

दीड वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक, साखर आटोक्यात आहे. पण काल रात्रीचा प्रकार इथे कोणाला सांगितला तर मला वेड्यात काढतील, म्हणून तुलाच लिहितो.

उद्योगग्रहावरची माझी रखडलेली विज्ञानकथा तुला आठवत असेल: चारशे मजल्यांचे शहर, तळाला भट्ट्या, वर मालक. त्यात गर्दी किती दाखवावी, म्हणून काल रात्री असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ कादंबरीतल्या ट्रँटॉरचे, म्हणजे ग्रहभर पसरलेल्या राजधानीचे, आकडे काढले. साडेसात कोटी चौरस मैलांचे एकच शहर आणि लोकसंख्या 4,000 कोटींच्या वर. विजेच्या बिलाच्या पाठीवर भागाकार केला, तर चौरस किलोमीटरला दोनशेच्या आसपास माणसे! 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता 365 होती, आणि त्यात गडचिरोलीचे जंगलही धरलेले आहे. तीनदा ताळा करून पाहिला. हे विज्ञानकथावाले गर्दी ऐकून लिहितात, असे तू हॉस्टेलवर म्हणालास तेव्हा मी दोन दिवस अबोला धरला होता. तो आता मागे घेतो. ‘फाउंडेशन’ची माझी प्रत तू चहात बुडवलीस, ते मात्र विसरलेलो नाही.

खरी दाटी हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीत होती. साडेसहा एकरांत सुमारे 33,000 माणसे. शेजारीच काई ताक विमानतळ, म्हणून इमारती चौदा मजल्यांवर थांबलेल्या. तळाच्या गल्ल्यांत दिवसाही दिवे लागत. हद्दीच्या वादामुळे कायदा तिथे फारसा पोहोचत नसे, म्हणून विनापरवाना दंतवैद्य आणि माशांच्या गोळ्यांचे कारखाने भिंतीला भिंत लावून चालत. 1993-94 मध्ये ते सगळे पाडले. म्हणजे तिथल्या दाटीला कारण होते. माझ्या ग्रहावर जमीन बख्खळ असताना माणसे एकमेकांच्या डोक्यावर का राहतात, हेच मला सांगता येत नव्हते. ‘वॉरहॅमर 40,000’ या खेळातल्या नेक्रोमुंडा ग्रहासारखी बाहेर विषारी राख पसरली की प्रश्न मिटतो, पण ती पळवाट वाटते.

गेल्या मंगळवारी आमच्या इमारतीचा पंप जळाला आणि त्याच दिवशी लिफ्टही रुसली. फ्लोअर राइजचे, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा, पैसे मोजून वर गेलेली आम्ही मंडळी बादल्या घेऊन तळाच्या टाकीशी रांगेत उभी, आणि वॉचमन सांगेल तसा आमचा नंबर लागत होता. अकराव्या मजल्यावर शेजारच्या काकू अर्धी सांडलेली कळशी पायरीवर टेकवून बसल्या होत्या. वर जावे की खाली, हे त्यांना ठरवता येईना. तिथेच मला वाटले की माझ्या शहरातली माणसे पाण्याच्या एका उभ्या नळाला चिकटून राहिली असावीत, उरलेला ग्रह कोरडा ठणठणीत, आणि पंपाचा खटका भट्टीवाल्यांच्या हाती.

लेकीचे लग्न ठरल्याचे बंड्याकडून कळले, अभिनंदन! गुडघ्याचे ऑपरेशन उरकलेस का?

तू आयुष्यभर पंप बसवलेस, म्हणून विचारतो. दहा मीटरला (चौरस सेंटीमीटरवर) एक किलो प्रेशर धरले तर चारशे मजल्यांचे बाराशे मीटर पाणी चढवायला तळाशी एकशेवीस किलो होते. एवढ्याला पाइप टिकेल, की दर चाळीस मजल्यांवर टाकी आणि पंप लागेल? तसे असेल तर दहा खटके होतात आणि माझी गोष्ट पुन्हा रखडते. लवकर कळव.

तुझा,
विनू