शहर नाचतं तेव्हा

संपादक साहेब, नमस्कार.

नाच म्हणजे नुसता टाइमपास असं बोलणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, म्हणून लिहितेय. टँगो बघा ना, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या बंदराजवळच्या गरीब वस्त्यांत युरोपातून पोटासाठी आलेली माणसं आणि आफ्रिकी वंशाचे लोक एकत्र राहायचे, भाषा वेगळ्या पण पाय जुळले, आणि त्यातनं हा नाच आला. तिथल्या श्रीमंतांनी आधी नाकं मुरडली, पॅरिसने डोक्यावर घेतल्यावर मात्र तेच लोक शिकायला लागले!! आणि 2009 मध्ये तो युनेस्कोच्या वारसा यादीत गेला.

ब्रेकिंगचंही, म्हणजे ब्रेकडान्सचंही, तसंच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये इमारती जळत होत्या, पोरांच्या हातात काही नव्हतं, 1973 पासून डीजे कूल हर्क पार्ट्यांमध्ये गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा दोन रेकॉर्ड्सवर लांबवायचा आणि पोरं नेमकी त्यावरच नाचायची. 2024 ला तोच नाच ऑलिम्पिकमध्ये!

दोन्हीकडे सुरुवात रस्त्यावर, अंगणात, फुकटच्या जागेत झाली. त्यामुळे शहरांचे प्लॅन करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पार्किंगला जागा सोडता तसं थोडं मोकळं, गुळगुळीत फरशीचं मैदानही ठेवा, आणि संध्याकाळी स्पीकर लावणाऱ्या पोरांना लगेच हाकलू नका.

एक वाचक