अकरा सेकंद

स्टोक-ऑन-ट्रेंट, इंग्लंड,
रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "नाटकात काम करतेस म्हणे, ड्युटी सांभाळून झेपतं का गो तुला?" तेवढ्यात गावची रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायलाच बसले. बाबा, हे पत्र आईला वाचून दाखवा. पण मुळात ते तुमच्यासाठी आहे.

हे शहर म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं गाव. एके काळी इथे बाटलीच्या आकाराच्या दोनेक हजार भट्ट्या धुरत असायच्या, आता जेमतेम पन्नासेक उभ्या आहेत, त्याही थंड. आमच्या वॉर्डात एखादी म्हातारी बाई दाखल झाली, की चहा पिऊन झाल्यावर कप उलटा करून बुडाचा शिक्का बघते. कुठल्या कारखान्याचा माल आहे ते बघायचं, ही इथल्या माणसांची जुनी खोड. मला ते पाहिलं की तुम्ही आठवता. दुकानात कापड हातात आलं की तुम्ही आधी काठ उलटून बोटांत चुरता, तसंच.

आमच्या मंडळात आम्ही बारा जण आहोत. निवृत्त पोस्टमन आहे, बसचालक आहे, कॉलेजातली दोन पोरं आहेत आणि मी. नट कुणीच नाही. दर गुरुवारी संध्याकाळी जमतो. कारखाने बंद पडले तेव्हा घराघरांत काय झालं, हे ज्यांच्यावर बेतलं त्यांनाच विचारायचं, त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करायचं, ऐकून शब्दन् शब्द उतरवायचा आणि त्यातूनच नाटक बांधायचं. गाळता येतं, पुढचं मागे करता येतं, पण पदरचा एक शब्दही घालायचा नाही. माणूस "अं… म्हणजे…" म्हणाला असेल, तर रंगमंचावरही "अं… म्हणजे…"च. जत्रेत आपले दशावतारी कथा तेवढी ठरवून घेतात आणि संवाद जागच्या जागी रचतात, त्याच्या अगदी उलटं. संकासुराला असं बांधून ठेवलं असतं तर तो पळूनच गेला असता, असं मी इथे सांगितलं तेव्हा मला मग दशावतार उभा राहून करून दाखवावा लागला!

हा मार्ग इथल्याच मातीत रुजलेला आहे. 1962 मध्ये एका जुन्या सिनेमाघराच्या इमारतीत व्हिक्टोरिया थिएटर सुरू झालं, मधे रंगमंच आणि चारी बाजूंना प्रेक्षक. पीटर चीझमन तिथले दिग्दर्शक. शेल्टन बार नावाच्या पोलाद कारखान्यावर बंदीची कुऱ्हाड आली, तेव्हा त्यांची नटमंडळी टेपरेकॉर्डर घेऊन कामगारांकडे गेली आणि 1974 मध्ये त्या बोलण्यातून नाटक उभं राहिलं. आपलंच बोलणं नटाच्या तोंडून ऐकायला कामगार येऊन बसत. तरी 1978 मध्ये तिथलं पोलाद थांबलंच. नाटकाने भट्टी पेटती राहत नाही, हे मला कळतं बाबा. पण त्या माणसांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मागे राहिलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

माझ्या वाट्याला 78 वर्षांची एक आजी आली. आम्ही सगळ्यांची नावं बदलतो, म्हणून इथेही लिहीत नाही. पंधराव्या वर्षी कारखान्यात लागली. कपाच्या काठावर सोन्याची रेघ ओढायचं तिचं काम. कप चाकावर गरगर फिरतो, ब्रश नुसता टेकवून हात स्थिर ठेवायचा. ते सोनं लावताना तपकिरी दिसतं, काकवीसारखं. भट्टीतून आल्यावरच चमकतं. बोलता बोलता तिचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप जुळत होती, ब्रश धरल्यासारखी. नवरा माती मळायच्या खात्यात होता. ती धूळ छातीत बसून गेला. मला आजोबांचा खोकला आठवला. त्यांच्या छातीत कापूस होता, इकडे माती, फरक एवढाच.

कारखाना बंद झाल्याचं तिला फाटकावरच कळलं. ती म्हणाली, "माझे ब्रश आत होते." पुढे गप्प झाली. मग म्हणाली, "चहा घेशील का, डक?" इथे कुणालाही मायेने 'डक' म्हणतात, आपल्याकडे 'बाय' म्हणतात तसं.

मी घरी येऊन उतरवून काढलं. ब्रशचं वाक्य लिहिलं आणि त्याला लगेच पुढची हकिकत जोडली. चहाचं गाळलं, मला ते विषयाबाहेरचं वाटलं. पहिल्या वाचनाला आम्ही त्या-त्या माणसांना बोलावतो. नको असेल ते त्यांनी काढायला सांगावं, सगळंच परत घ्यावंसं वाटलं तरी घ्यावं, हा त्यांचा हक्क. आजी शेवटपर्यंत ऐकत बसली. नंतर माझा हात धरून म्हणाली, "मी तिथे थांबले होते. तू थांबली नाहीस."

रात्री रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. अकरा सेकंद. त्यात घड्याळाची टिकटिक आहे, तिने एकदा नाक ओढल्याचा आवाज आहे. तिला जे सांगायचं होतं ते तिथेच होतं, आणि मी ते कात्रीने उडवलं होतं.

बाबा, मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण तुमच्या बाबतीतही मी हेच केलंय. दहावीत निबंधासाठी मी तुम्हाला मुंबईच्या गिरणी संपाबद्दल विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "गेला ता गेला," आणि खिडकीतून बाहेर बघत राहिलात. मी लगेच वही पुढे करून विचारलं, "तारीख सांगा ना!" मग तुम्ही सांगितलंत, 18 जानेवारी 1982, अडीच लाख कामगार, पुढारी डॉ. दत्ता सामंत, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. मी तेवढं लिहून घेतलं. बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला. तुम्ही खिडकीतून काय बघत होतात, ते मात्र राहिलंच.

मी दिवाळीत येतेय. एक दुपार मला द्याल? पडवीत बसू. तुमचं नाटक करायचं नाही, कुणाला ऐकवायचंही नाही. साचेखात्यातली पहिली पाळी, बदली कामगार म्हणून काढलेले दिवस, भोंगा बंद झाल्यावरची लालबागची सकाळ, जे वाटेल ते सांगा. गप्प बसलात तर मी मधे बोलणार नाही. नको वाटलं तर तेही सांगा, मी पुन्हा विचारणार नाही.

आणि आई, तुलाही विचारायचंय. त्या वर्षी दादा पोटात होता आणि तू खोलीत चार माणसांची खानावळ चालवलीस, एवढंच मला माहीत आहे. तांदूळ कुठून आणायचीस, उधारी कोण देत होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

आमचा प्रयोग पुढच्या महिन्यात आहे. आजीचं बोलणं मीच म्हणते. तिचे ब्रश आत राहतात, मी थांबते, मनात अकरापर्यंत मोजते आणि मग चहाचं विचारते. मागच्या तालमीला ती आली होती. मी नऊवरच बोलले, तर तिने खुर्चीतूनच दोन बोटं वर केली.

तुमची,
छोटी

ता. क. आईचं गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, दादाला कुडाळहून आणायला सांगा. कोकम मात्र मी आल्यावरच बांधा, पार्सलने नको.