माय, लॅपटॉपचे पैसे टाकलेत, पण एवढं वाच

भुसावळ
वैशाखातली दुपार, बाहेर ४५ अंश

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज पाहिला. लॅपटॉपची लिंक, खाली किंमत, आणि त्याखाली सहज टाकल्यासारखी ओळ: ‘प्रोजेक्टला मोंगोडीबी घेतोय पप्पा, एसक्यूएल आता जुनं झालं.’ म्हणजे मेसच्या अॅपच्या नोंदी ठेवायला मोंगोडीबी हा बिनतक्त्यांचा डेटाबेस, आणि तक्त्यांच्या डेटाबेसची भाषा एसक्यूएल अडगळीत! फोन लावणार होतो, पण आपलं फोनवर काय होतं तुला माहीत आहे. दोन मिनिटांनी तू ‘हो पप्पा, हो पप्पा’ करायला लागतेस. म्हणून लिहितो. तुझी आई म्हणाली, पोरीला पैसे पाठवायचे तर पाठवा, वर कीर्तन कशाला? म्हटलं, पैसे लागतात, कीर्तन फुकट आहे.

आधी लॅपटॉप. तू पाहिलास तो मॅकबुक एअर सुंदर आहे, वादच नाही. पातळ आहे, पंखाच नाही म्हणून आवाज नाही. त्यातून पंखा गेला २०२० साली, आणि पुण्यात होस्टेलवर त्याने काही अडणारही नाही. पण अॅपलनेच तपशिलात वापरण्याचं तापमान दिलंय, तेही वाच. १० ते ३५ अंश. माय, आपल्याकडे होळी पेटली की ३५ मागे पडतात. तू मे महिन्यात वरच्या खोलीत बसून काम करणार, तेव्हा प्रोसेसर तापेल, आणि तापला की तो स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. भर उन्हात औताचा बैल पाय ओढायला लागतो, तसा. मारून उपयोग नसतो, सावलीत न्यावं लागतं. बॅटरीचंही तेच. लिथियमची बॅटरी उन्हाळ्याने झिजते आणि ती झीज भरून येत नाही. आणि हो, कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवून बसायची तुझी सवय सोड. ती हवा गार असते तशी ओलीही असते, आणि गवताच्या जाळीचा चुरा घेऊन येते.

मला विचारशील तर एखाद्या ऑफिसातून निघालेला थिंकपॅड घे. काळा, जाडजूड, दिसायला तुझ्या आत्याच्या स्वयंपाकघरातल्या डब्यासारखा. १९९२ पासून आयबीएम बनवायची, २००५ पासून लेनोवो. त्यातली काही मॉडेल्स अशी आहेत की मागचे स्क्रू काढले की रॅम दिसते, डिस्क दिसते, पंख्यातली धूळ ब्रशने झाडता येते. माझ्याचा कीबोर्ड मी जळगावला गोलाणी मार्केटात बदलून घेतला, चहा संपेपर्यंत काम झालं. पातळ मशीनमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तरी तुला तेच हवं असेल तर घे, पण १६ जीबीच्या खाली घेऊ नकोस. ८ जीबीत ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस एकत्र उघडलेस की एक जण रुसून बसणार.

वेबच्या टूलबद्दल मी फार बोलणार नाही, कारण तिथे माझंच ऐकू नये असा माझा इतिहास आहे. २०१३-१४ च्या सुमारास एका नव्या फ्रेमवर्कच्या, म्हणजे प्रोग्राम उभा करायच्या तयार सांगाड्याच्या, नादी लागलो. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा अख्खा प्रोग्राम त्यात लिहिला. काही वर्षांत त्या फ्रेमवर्कची पुढची आवृत्ती इतकी वेगळी आली की जुनं काम तसंच्या तसं नेता येईना. सगळं पुन्हा लिहावं लागलं, आणि दुसऱ्यांदा लिहिण्याचे पैसे व्यापारी देत नसतो. त्याच व्यापाऱ्याकडे २०११ मध्ये जेक्वेरी या जुन्या वेब टूलमध्ये केलेलं पावतीचं पान होतं. तू जेक्वेरीला हसतेस, २००६ ची गोष्ट म्हणतेस. ते पान आजही पावत्या छापतं. तू रिअॅक्ट हे नवं टूल शिकतेयस ते बरोबरच आहे, नोकरी त्यावर मिळते. फक्त प्रत्येक लहानसहान गोष्टीला बाहेरचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, लावू नकोस. २०१६ च्या मार्चमध्ये एकाने आपलं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरणं, एवढंच त्याचं काम. आणि जगभरच्या मोठमोठ्या प्रोजेक्टांची बांधणी थांबली. अकरा ओळी! त्या तू जेवताना लिहशील.

आता खरं बोलायचं ते डेटाबेसवर.

मी १९९८ मध्ये सुरुवात केली ती डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसवर. नोंदींची डीबीएफ फाइल, कॉलमचं नाव फार तर १० अक्षरांचं, आणि लाइट गेली की इंडेक्स, म्हणजे नोंद शोधायची सूची, बिघडायचा. तेव्हा लाइट रोज जायची. व्यापाऱ्याचा पोऱ्या एम-८० गाडीवर घरी यायचा, ‘भाऊ, काम्पुटरमधी शेतकरी सापडत नाही.’ मी जायचो, रीइंडेक्स द्यायचो, शेतकरी सापडायचा. मला लोक डॉक्टरसारखा मान द्यायचे. पुढे फॉक्सप्रो संपलं, २०१५ च्या जानेवारीत त्याला कंपनीचा आधार मिळणंही थांबलं. पण त्यातला डेटा संपला नाही. कोणत्या शेतकऱ्याने नवतीचा (नव्या लागवडीचा) किती माल दिला, पिलबागेचा (पिलांवर धरलेल्या पिकाचा) किती, वापसी (हलका माल) किती निघाली, उचल किती घेतली, हे सगळं त्यांना अजून लागतं. दोन भावांची वाटणी झाली की पंधरा वर्षांपूर्वीच्या पावत्या मागायला येतात. स्क्रीन मी तीनदा बदलली, नोंदी त्याच आहेत.

त्या नोंदी आणताना किती घाम निघाला ते तुला आठवणार नाही, तू तेव्हा वट्ट्यावर लंगडी खेळायचीस. नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत, नव्हती, जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती. त्या फॉन्टमध्ये अक्षर नसतंच, अक्षराचं चित्र असतं. ‘किनगाव’ लिहायचं तर पहिली वेलांटी आधी टाइप करायची आणि मग क, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘वर्डी’चा रफार याच्या उलट. जुन्या फॉन्टमध्ये तो ड काढून झाल्यावर डोक्यावर ठेवायचा, युनिकोडमध्ये र आणि हलन्त ड च्या आधी येतात. मी प्रोग्राम लिहिला, त्याने बहुतेक नावं सरळ केली. उरलेली तुझ्या आईने. रोज रात्री भांडी आवरली की मी स्क्रीनवरून नाव वाचायचो आणि ती कागदी खातेवहीत बोट ठेवून ‘हं’ म्हणायची. नाहीतर ‘थांबा’. एकाच माणसाची तीन नावं निघाली, एकात वडिलांचं नाव, एकात नुसतं आद्याक्षर, एकात गावचं आडनाव. तिन्हींवर वेगवेगळी उचल! त्या माणसाला आपण तीन जण आहोत हे तोवर माहीतच नव्हतं, आणि व्यापाऱ्यालाही.

म्हणून तुझ्या मेसच्या अॅपकडे बघ. पोरी, जेवणाचे दिवस, भरलेले पैसे. मोंगोडीबीत तू प्रत्येक पावतीत त्या मुलीचं नाव, खोली, फोन सगळं कोंबणार. तिने खोली बदलली की जुन्या पावत्यांत जुनी खोली, नव्यात नवी. कॉड नावाच्या माणसाने आयबीएममध्ये असताना १९७० साली हेच कागदावर मांडलं: माणूस एका जागी लिहा, बाकी सगळीकडे त्याचा नंबर. एसक्यूएल त्यातून १९७४ मध्ये आलं. जुनं आहे, कबूल. पोळपाटही जुनाच आहे. प्रत्येक नोंदीचा आकार वेगळा असेल तिथे मोंगो घ्यावं, माझं भांडण नाही. पण मेसमध्ये सगळ्यांचा आकार एकच, जेवली किंवा नाही जेवली. आणि मधूनच एखादा वेडावाकडा कॉलम लागलाच, तर पोस्टग्रेस या एसक्यूएलवाल्या डेटाबेसमध्ये २०१४ पासून जेसनबी नावाचा मोकळ्या आकाराचा कॉलम आहे.

मायएसक्यूएल या डेटाबेसची एक गंमत तुला मुद्दाम सांगायची ठेवली होती. विडेनियस नावाच्या फिनलंडच्या माणसाने १९९५ मध्ये ते काढलं आणि त्याला आपल्या मुलीचं नाव दिलं. त्यांच्याकडे उच्चार वेगळा आहे, पण लिहिलेलं आपण ‘माय’ असंच वाचतो. म्हणजे त्यानेही लेकीला माय म्हणायचं आपल्यासारखंच ठरवलं की! पुढे कंपनी एकाकडे विकली गेली, तिथून २०१० मध्ये ऑरॅकलकडे. तोवर या माणसाने २००९ मध्येच धाकट्या लेकीच्या नावाने तेच पुन्हा मांडलं होतं, मारियाडीबी. आईला हे सांगितलं तर म्हणाली, तुम्ही पोरीच्या नावाने एक पावती तरी केली का?

त्याच मायएसक्यूएलमध्ये मी कॉलम करताना ‘यूटीएफ८’, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची रीत, एवढं लिहून मोकळा झालो होतो. तिथल्या यूटीएफ८ मध्ये एका अक्षराला ३ बाइटच मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर ३ बाइटचं, म्हणून वर्षानुवर्षं काही कळलंच नाही. मग हाताहातात स्मार्टफोन आले आणि व्यापाऱ्याच्या मुलाने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘माल चांगला’, पुढे केळीचं छोटं चित्र, आणि पुढे ‘पैसे बाकी’. ते चित्र ४ बाइटचं. डेटाबेसने चित्रापासून पुढचं सगळं कापलं. उरलं काय, तर ‘माल चांगला’. शेतकरी आठ दिवसांनी चिडून आला. चूक माझीच होती, ‘यूटीएफ८एमबी४’ लिहायला हवं होतं. तुझ्या अॅपमध्ये पोरी जेवणाच्या शेऱ्यात काय काय चित्रं टाकतील ते तूच जाणे.

आणि पैशाचा कॉलम. हे मात्र उभं राहून ऐक. दिवाळीच्या पाडव्याला सावद्याच्या त्या व्यापाऱ्याच्या पेढीवर वहीपूजन होतं, दिवाणजी लाल चोपडीत जुनी बाकी ओढतात. त्या वर्षी प्रथमच कॉम्प्युटरची बाकी शेजारी ठेवली होती. दिवाणजींची एका खात्याची बाकी ८,२४,५६७ रुपये ३५ पैसे. माझ्या कॉम्प्युटरवर ३८ पैसे. दिवाणजींनी चष्मा कपाळावर नेला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘भाऊ, हे तीन पैसे कोणाचे?’ मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. पेढे वाटायचे थांबले होते.

रात्री घरी येऊन शोधलं. रकमेचा कॉलम मी फ्लोट या प्रकारचा ठेवला होता. फ्लोट आकडा दोनाच्या पाढ्यात बसवतो, आणि रक्कम मोठी होत गेली की त्याच्या पायऱ्याही मोठ्या होतात. आठ लाखांच्या घरात एक पायरी सव्वासहा पैशांची. म्हणजे सव्वाएकतीस पैसे धरता येतात, साडेसदतीस धरता येतात, मधले पस्तीस धरताच येत नाहीत. जवळची पायरी साडेसदतीसची, ती दोन आकड्यांत छापली की ३८. विश्वास बसत नसेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ०.१ अधिक ०.२ कर आणि काय येतं ते बघ. पैसा डेसिमल या दशांशाच्या प्रकारात ठेव, नाहीतर सरळ पैशांत मोजून पूर्णांक ठेव. दिवाणजींना मी दुसऱ्या दिवशी पायऱ्या समजावून सांगितल्या. ते म्हणाले, ‘मग चोपडीला पायऱ्या नाहीत ते बरं.’

तू छोट्या प्रोजेक्टला काय घ्यावं? एसक्यूलाइट. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, एक फाइल. रिचर्ड हिप यांनी २००० साली अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकेच्या एका कामातून ते केलं. तिथे डेटाबेसचा सर्व्हर बंद असला की ह्यांचा प्रोग्रामही अडायचा. लाइट जाणाऱ्या गावच्या माणसाला हे दुःख सांगावं लागत नाही. लिहिणारा एका वेळी एकच, ही त्याची मर्यादा, मेसच्या अॅपला धकते. आणि २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी जाहीर लिहून ठेवलंय. तोवर तू माझ्या आजच्या वयाच्या जवळपास येशील.

बॅकअपचं तेवढं राहिलं. २००९ च्या मे महिन्यात माझ्या टेबलाखालच्या मशीनची डिस्क गेली. मी शांत होतो, कारण रोजचा बॅकअप होता. तो त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर होता. अकरा दिवसांच्या पावत्या कार्बनच्या प्रतींवरून पुन्हा भरल्या, निम्म्या पुसट. आता मी दर रविवारी बॅकअप दुसऱ्या मशीनवर नुसता ठेवत नाही, तिथे उघडून एका शेतकऱ्याचं खातं वाचून बघतो. तू तुझी फाइल मैत्रिणीच्या लॅपटॉपवर उघड आणि मला फोटो पाठव.

पैसे सकाळीच टाकलेत, कोणताही घे. आईने कळण्याच्या पिठाचा डबा बांधलाय, शनिवारी मावशीबरोबर येतोय. सुट्टीत आलीस की सावद्याला माझ्यासोबत ये. पेढीवर तुझं नाव निघालं की दिवाणजी दरवेळी विचारतात, ‘पोरगी इंजिनेर होतेय ना? मग ते तीन पैसे तिलाच शोधायला सांगा.’

तुझा,
पप्पा