दिन्यास पत्र : दोन रेइको आणि एक फोटो

डोंबिवली,
७ सप्टेंबर २०२५

प्रिय दिन्या,

काल रात्री बाप्पाला पोचवून घरी आलो. पाय नुसते ठणकत होते आणि झोप काही येईना, म्हटलं तुझं काम उरकून टाकू. मागच्या महिन्यात फोनवर तू रडगाणं गायलास ना, की चिऊ रात्री दीड-दोनपर्यंत जपानी कार्टून बघत बसते, त्यातली बाई सिगारेटी ओढते, ऑफिसातल्या बाप्याशी मुकेबिके चालतात, आणि विचारलं तर पोरगी म्हणते, ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार.’ शऱ्या, तूच बघ आणि सांग काय प्रकार आहे ते, म्हणालास. बघितलं बाबा. तेराच्या तेरा भाग बघितले. तेवढ्यावर भागेना म्हणून ज्याच्यावरून ते काढलंय त्या मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, इंग्रजीतले खंड मागवले आणि गणपतीत आरत्यांच्या मधल्या वेळात वाचले. बायको म्हणते, पन्नाशीत चित्रांची पुस्तकं वाचणारा जागांचा दलाल मी पहिलाच बघितला.

आधी तुझी काळजी मिटवतो. चिऊ एकोणीस वर्षांची आहे, आणि ती बघते आहे ती गोष्ट बत्तीस-पस्तिशीतल्या माणसांची आहे. ‘कोवलून जेनेरिक रोमान्स’ हे नाव. काढणारी बाई जुन मायुझुकी. हिची आधीची मालिका सतरा वर्षांच्या मुलीची आणि तिच्या पंचेचाळिशीतल्या हॉटेल मॅनेजरची होती, तिला २०१८ मध्ये तिकडचा मोठा शोगाकुकान पुरस्कार मिळाला. ही नवी नोव्हेंबर २०१९ पासून जपानी साप्ताहिकात येऊ लागली. अ‍ॅनिमे (म्हणजे चिऊ बघते ते कार्टून) या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये आलं, आणि आता आठवड्यापूर्वी तिकडे त्याचा माणसांचा सिनेमाही लागला. पोरगी बिघडणार नाही. बिघडलं तर आपल्यासारख्यांचं काहीतरी बिघडेल, ते का ते पुढे सांगतो.

रेइको कुजिराई ही नायिका माझ्याच धंद्यातली, म्हणून मी पहिल्या पाच मिनिटांत अडकलो. हाँगकाँगच्या कोवलून तटबंदी शहरात, म्हणजे त्या एकमेकांवर चढलेल्या इमारतींच्या गुंताळ्यात, एका जागा-भाड्याने-देणाऱ्या ऑफिसात ती काम करते. बरोबरचा कुदो हाजिमे आळशी, सतत पेंगणारा, चिडवणारा. सकाळी ती गॅलरीत गार कलिंगड खाते आणि वर सिगारेट ओढते. दोन्हींची चव एकमेकांना पूरक आहे असं तिचं ठाम मत. मायुझुकी हे असं काढते की पानावर उकाडा जाणवतो. मानेवर चिकटलेले केस, कलिंगडाच्या फोडीवरचं पाणी, मागे वाळत घातलेले कपडे. दोन-दोन पानं कोणी बोलत नाही.

आणि मग चष्मा. रेइकोला चष्मा आहे, पण हल्ली तिला चष्म्याशिवायच नीट दिसतं. आपण असतो तर खूश झालो असतो, नंबर उतरला म्हणून. तीही त्यावर फार विचार करत नाही. वाचणाराही करत नाही. मग एक दिवस कुदोच्या ड्रॉवरमध्ये तिला फोटो सापडतो. कुदो आणि ती, एकमेकांना खेटून, चांगले रंगात आलेले. तिला असा फोटो काढल्याचं आठवत नाही. आठवायला जाते तेव्हा तिच्या लक्षात येतं की फोटोच कशाला, या शहरात येण्याआधीचं तिला काहीच आठवत नाही. शाळा नाही, आई नाही, काही म्हणजे काही नाही. चष्मा मुळात तिचा नव्हताच!

एवढाच सस्पेन्स, दिन्या. ना सुरा, ना मुडदा, ना पोलीस. फोटोतली बाई कुदोची होणारी बायको होती, ती मेली आहे, आणि ही हुबेहूब तीच. मांगा वाचणारे लोक मेलेलीला ‘कुजिराई बी’ म्हणतात. आता हिचं कुदोवर प्रेम बसतंय, ते हिचं का त्या बाईचं उरलेलं? आणि तो हिच्याकडे बघतो तेव्हा कोणाकडे बघतो? खून कोणी केला हे शोधायला निदान पोलीस तरी असतात. हे कोण शोधणार?

नावातला ‘जेनेरिक’ वाचून मला तूच आठवलास. बावीस वर्षं औषध कंपनीच्या क्वालिटीत घालवलीस. तूच मला एकदा समजावलं होतंस की जेनेरिक गोळीत मूळ गोळीतलाच रेणू असतो, रंग-आकार-नाव वेगळं चालतं, फक्त रक्तात तेवढंच औषध तेवढ्याच वेगानं उतरलं पाहिजे. गोष्टीत खरंच एक औषध कंपनी आहे, हेबिनुमा नावाची, आणि आकाशात ‘जेनेरिक टेरा’ नावाचा आठ बाजूंचा एक हिऱ्यासारखा प्रचंड ठोकळा तरंगतो आहे. दुसरी पृथ्वी म्हणे. लोक खाली भाजी घेतात, कपडे वाळत घालतात, वर ते लटकलेलं. पण रेइकोची गंमत तुझ्या प्रयोगशाळेच्या उलटी आहे. रेणू तोच, दिसणं तेच, आणि ती धडपडते ती आपला परिणाम वेगळा आहे हे दाखवायला. बी जे करत नव्हती ते एकेक शोधून करते. तुमच्या कंपनीत असा माल नापास होईल. मी मात्र तिच्या बाजूचा झालो.

तिची एक मैत्रीण आहे, याओमेई. तिनं ऑपरेशनं करून स्वतःचा चेहरामोहरा बदलून घेतला आहे, कारण तिला तिचा भूतकाळ नको होता. एकीला भूतकाळ नाही म्हणून कासाविशी, दुसरीनं पैसे मोजून तो पुसला. दोघी बसून खातपीत गप्पा मारतात. प्रेमकहाणीपेक्षा या दोघींची पानं मला जास्त आवडली, पण हे चिऊला सांगू नकोस, ती कुदोवर लट्टू असणार.

आता शहराबद्दल थोडं, कारण तू विचारशीलच की हे खरं होतं का. होतं. १८९८ मध्ये इंग्रजांनी हाँगकाँगलगतचा ‘न्यू टेरिटरीज’ हा मुलूख चीनकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतला तेव्हा हा एवढासा कोवलूनचा किल्ला चिनी कारभाराकडे राहिला. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी चिनी अंमलदारांना हाकललं, पण स्वतःचा कायदाही तिथे कधी धड बसवला नाही. दोन सरकारांच्या मधली फट ती. महायुद्धानंतर निर्वासित त्या फटीत शिरले आणि बांधत सुटले. साडेसहा एकरांच्या आत-बाहेर जागा, आणि १९८७ च्या मोजणीत माणसं जवळजवळ तेहतीस हजार! माझ्या धंद्यातले लोक एफएसआय (प्लॉटवर किती बांधायचं त्याचं माप) एफएसआय करून डोकं खातात, तिथे मुख्य नियम एवढाच : चौदा मजल्यांच्या वर जायचं नाही, कारण डोक्यावरून काई ताक विमानतळाची विमानं उतरायची. मला वाटतं, मायुझुकीनं विमानाच्या जागीच तो ठोकळा टांगलाय.

खाली गल्ल्यांत भर दुपारी ट्यूबलाइट. वरच्या पाइपांतून पाणी ठिबकायचं म्हणून लोक छत्री उघडून चालायचे. मधोमध एक देऊळ होतं, त्यावर जाळी मारलेली, कारण वरच्या खिडक्यांतून कचरा पडायचा. रस्त्याच्या बाजूला दातांच्या डॉक्टरांची रांगच्या रांग. चीनमध्ये शिकलेले, हाँगकाँगचा परवाना नसलेले, म्हणून स्वस्त. १९९३ च्या मार्चमध्ये पाडायला घेतलं, वर्षभरात सपाट केलं, आणि १९९५ मध्ये तिथे बाग झाली.

यातली एक गोष्ट मला रात्री छळते. किल्ल्याचा मूळ दगडी तट पाडला कोणी? जपान्यांनी. युद्धात हाँगकाँग त्यांच्या ताब्यात होतं तेव्हा विमानतळ वाढवायला तेच दगड वापरले. आणि पन्नास वर्षांनी त्याच देशातून माणसं आली, पाडण्याआधी रिकाम्या खोल्या मोजून गेली, आणि इमारतींचा उभा छेद दाखवणारं भलंमोठं चित्र काढलं, त्यात मोरीतली बादलीसुद्धा. जपानातल्या कावासाकीला तर कोवलूनसारखी दिसणारी व्हिडिओ गेमची इमारत उभारली होती, गंजलेल्या टपालपेट्यांसकट. ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. ज्या महिन्यात ही मांगा सुरू झाली, त्याच. पुन्हा गेलं कोवलून, पुन्हा कोणीतरी काढायला बसलं.

गोष्टीतलं कोवलूनही पहिलं नव्हे, दुसरं. मधल्या भागात कळतं (चिऊ तिथवर पोचली नसेल तर तोंड बंद ठेव) की तेही पाडून झालेलं आहे. काहींना ते दिसतं, दुकानांसकट, माणसांसकट. काहींना तिथे नुसते अवशेष दिसतात. कुदो सुरुवातीलाच म्हणतो की एखाद्या गोष्टीची ओढ, जुन्याची ती हुरहुर, आणि प्रेम या आपल्या लेखी एकच. पहिल्यांदा वाचताना ते गोड वाटतं. मग कळतं की हा माणूस ओढीपायी एका जिवंत बाईकडे धड बघतसुद्धा नाहीये.

हे वाचून तुला चाळ आठवणार, मला माहीत आहे. तुझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दर रविवारी आठवते. पण तुलना करू नकोस. आपल्या चाळीला चौक होता, वर आभाळ होतं, पतंग होते. शिवाय सकाळची संडासची रांग तू नेहमी गाळतोस. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं होतं, सत्तरीचे काका, चाळ पाडल्यावर भाड्याच्या जागेत राहतायत. चार फ्लॅट दाखवले. प्रत्येक ठिकाणी दार उघडलं की आधी गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते बघायचे आणि मान हलवायचे. शेवटी मी विचारलं, तर म्हणाले, संध्याकाळी ऊन डाव्या गालावर यायचं. आता डाव्या गालावर ऊन येणारा टू-बीएचके मी कुठून आणू? पण अजून शोधतोय, काय करणार.

अ‍ॅनिमेबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. काम नेटकं आहे, रंग छान. हारुका शिराइशी नावाची मुलगी दोन्ही रेइकोंना आवाज देते, आणि डोळे मिटून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं. मेलेलीचा आवाज जरा जड, सगळं ठाऊक असल्यासारखा. तेवढ्यासाठी बघ. पण घाई फार. अ‍ॅनिमे आलं तेव्हा मांगा चालूच होती, आणि यांना तेरा भागांत दारं-खिडक्या लावून बाहेर पडायचं होतं. कलिंगड आहे, पण ते खायला वेळ नाही. शेवट मी सांगत नाही. मला तो पटला नाही आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही झालं.

तेव्हा तू असं कर, अ‍ॅनिमेच्या मागे लागू नकोस, चिऊकडून पहिला खंड माग. उजवीकडून डावीकडे वाचायचा, मागच्या कव्हराकडून. पहिली दहा पानं चुकशील, ती हसेल, हसू दे.

आता खरं कारण, ज्यासाठी फोन न करता पत्र लिहायला बसलो. आपल्या चाळीची पाडापाडी सुरू झाली त्या आठवड्यात तू ग्रुपवर टाकलेला फोटो. मे १९८६, दुसऱ्या मजल्याची गॅलरी, तू आणि मी, हातात काला खट्ट्याचे गोळे, खाली तू लिहिलंस ‘मी आणि शऱ्या, जगातली सर्वांत थंड दुपार’. मी त्यावर बदाम टाकला होता. ती दुपार मलाही आठवते. गोळा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता आणि तुझ्या आईनं मोरीवर नेऊन हात धुतले होते.

परवा ड्रॉवरचा तो भाग वाचून झाल्यावर काय मनात आलं कोण जाणे, तो फोटो मोठा करून बघितला. त्या मुलाच्या डाव्या भुवईत खाच आहे. मला नाही, कधीच नव्हती. तळमजल्यावरच्या नंद्याला होती, जिन्यावरून पडला होता तो. मग आईला विचारलं. ती म्हणाली, शहाऐंशीच्या मेमध्ये तू महिनाभर आजोळी होतास, तुला गोवर आला होता.

म्हणजे तू एकोणचाळीस वर्षं नंद्याला शऱ्या समजतोयस. त्याचं काही नाही, तुझं डोकं तसंही यथातथाच. पण मग मनगटावरून ओघळलेला तो गोळा मला कसा आठवतो? तुझ्या आईचे ओले हात मला कसे आठवतात?

मूळ फोटो तुझ्याकडे असेल तर मागच्या बाजूला काही लिहिलंय का बघ. तुझे बाबा तारीख आणि नावं पेन्सिलीनं लिहायचे. आणि नंद्याचा पत्ता कोणाकडे मिळतो का तेही विचार, शेवटचं ऐकलं तेव्हा बडोद्याला होता.

वहिनींना नमस्कार. चिऊला म्हणावं, काकाला कळलं, थोडंफार.

तुझा,
शऱ्या
(भुवईत खाच नसलेला)