डोळे मिटायची सक्ती नको

महोदय,

शाळेत ‘माइंडफुलनेस’, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, शिकवा, अशी मागणी आता आमच्या पालकसभेतही होऊ लागली आहे. मी यावल तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि परिपाठानंतर रोज दहा मिनिटे मुलांबरोबर श्वासावर लक्ष ठेवून बसते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हे नवीन नाही. राज्याच्या शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ आला, त्यात आनापानच आहे. नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता जाणायचा, त्याला वळण लावायचे नाही. सुरुवातीला मी वर्गात उभी राहून कोण हलतंय, कोण हसतंय हेच बघत असे. मुलांना ती आणखी एक शिस्त वाटली, आणि त्यांचे चुकत नव्हते. मी स्वतः खाली सतरंजीवर बसू लागले, तेव्हा कुठे महिनाभराने वर्ग स्थिरावला.

एका जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या. घड कापणीला आले होते. नववीतला एक मुलगा डोळे मिटायलाच तयार होईना. मी आधी रागावले. मधल्या सुट्टीत तो जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, डोये मिटले का वाराच ऐकू येतो मले.” रात्रभर बापाबरोबर तो बांधावर उभा होता. केळीचे खांब मोडल्याचे आवाज त्याने अंधारात ऐकले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याला सांगितले, डोळे उघडे ठेव, तळवा बाकावर टेकव, लाकूड गार आहे की कोमट ते बघ, पाय फरशीला लागलेत का ते बघ. तो तसाच बसायचा, खिडकीकडे तोंड करून. आजही माझ्या वर्गात डोळे मिटायची सक्ती नाही.

ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर याचाच मोठा अभ्यास केला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा (भावना सांभाळायला, इतरांशी जुळवून घ्यायला शिकवणाऱ्या तासांपेक्षा) या वर्गांचा मुलांना जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेकांनी घरी सराव केलाच नव्हता. हे वाचून मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. वरून लादलेला तास मुले वरवरच करतात.

म्हणून हे बंद करा, असे मी म्हणत नाही. परीक्षेच्या आधी छातीत धडधडते तेव्हा काय करायचे, हे माझ्या वर्गातल्या मुलींना आता माहीत आहे. पण श्वासाने बापाचे कर्ज फिटत नाही, आणि ज्या मुलाला जगणे नकोसे झाले आहे त्याला दहा मिनिटे पुरत नाहीत. मी फळ्याच्या कोपऱ्यात टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कायम लिहून ठेवते. फळा पुसणाऱ्या मुलांनाही तो पुसायचा नाही, हे ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. आम्हाला या उपक्रमाचे फोटो पाठवायला सांगितले गेले. मोबाईल समोर धरला की चाळीस मुलांपैकी एकाचेही लक्ष श्वासावर राहत नाही. फोटोची अट काढावी, हा वेळ खेळाच्या तासातून कापू नये, आणि निदान तालुक्याला एक समुपदेशक द्यावा. तो मुलगा माझ्याशी बोलला, कारण त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्गातच थांबले होते.

एक शिक्षिका,
यावल तालुका, जि. जळगाव