जिताड्याच्या खाद्यात तेल कोणतं, ते पोत्यावर छापा

संपादक महाशय,

आम्ही बेलापूरच्या दिवाळ्याचे कोळी. खाडीत पूर्वीसारखं मिळेना, म्हणून मी आणि धाकट्या भावाने उरणकडे खाजणात तळं घेऊन जिताडा हा खाडीतला मासा सोडला. बीज, म्हणजे पिल्लं, इंचाएवढं. मोठं पिल्लू लहानाला गिळतं, म्हणून दर आठवड्याला आकाराप्रमाणे ती वेगळी करावी लागतात. तिसऱ्या खेपेला टबात टाकताच पिल्लं तडफडून आडवी पडली. पंखांची मुळं लालसर. जगली-वाचली तीही तिन्हीसांजेला टाकलेल्या दाण्याकडे वळत नव्हती. खारटपणा, ऑक्सिजन, सगळं दोनदा तपासलं. पाण्यात खोट नव्हती.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली माझी भाची आली आणि तिने पहिल्यांदा खाद्याचं पोतं उलटसुलट वाचलं. प्रथिने, मेद, तंतू, ओलावा. मेद कसला, त्याचा उल्लेखच नाही. दुकानात विचारलं तेव्हा कळलं, खाद्य रोहू-कटल्याचं आणि तेल सोयाबीनचं. रोहू वनस्पतीच्या तेलातून ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-3 मेदाम्लं थोडीफार स्वतः बनवतो. जिताड्याला ते जवळजवळ जमत नाही. समुद्रात ती त्याला आयती मिळतात: सूक्ष्म शेवाळ ती बनवतं, शेवाळातून जवळ्यात येतात, जवळ्यातून माशात. डीएचएवर डोळा आणि मेंदू घडतो. पिल्लांना अंधुक उजेडात दाणा दिसत नव्हता तो डीएचए कमी पडल्यामुळेच असावा, असं ती म्हणाली. कोरड्या खाद्यात ही आम्लं साधारण 1 टक्का तरी हवीत. बीजकेंद्रात तर रोटिफर आणि आर्टेमिया हे खाऊ म्हणून वापरायचे बारीक जीव पिल्लांना देण्याआधी काही तास शेवाळाच्या किंवा मासळीच्या तेलात ठेवतात, कारण त्यांच्यात डीएचए नावालाच असतं.

चेन्नईच्या केंद्रीय खारे पाणी मत्स्यपालन संस्थेने 1997 साली देशात जिताड्याचं बीज पहिल्यांदा तयार केलं. आज बीज मिळतं, पण ते वाढवताना आम्ही चाचपडतो. आता आम्ही तारलीचं तेल आणि जवळ्याचा कुट घालून खाद्य थोडं थोडं बनवतो. जास्त बनवून ठेवलं तर इथल्या उकाड्यात तेल खवट होतं, आणि खवट तेल पिल्लांना वेगळंच नडतं.

मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती आहे: खाऱ्या पाण्यातल्या पिल्लांच्या खाद्यावर ईपीए आणि डीएचएचं प्रमाण वेगवेगळं, मराठीत छापणं सक्तीचं करा. तळ्यासाठी कर्ज काढणाऱ्या कोळ्याला पोतं विकत घेताना तेवढं तरी वाचता यावं.

— एक मच्छीमार, दिवाळे, नवी मुंबई