बोट लागू नये म्हणून, आणि बाकीचं

वेंगुर्ले,
कोजागरी पौर्णिमा

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

क्रूझच्या बोटीने मुंबईहून सहलीला जायचा बेत कळला. रविवारी पैसे भरणार म्हणालास, म्हणून आजच लिहायला घेतलं. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि निम्मं विसरतोस. हे पत्र स्नेहालाही वाचायला दे, सामान शेवटी तीच बांधणार.

आधी एक मनाशी पक्कं कर. ही बोट गोव्याला पोचण्यासाठी नाही. वंदे भारत मुंबईहून मडगावला आठेक तासांत नेते. बोट १६-१८ नॉटने, म्हणजे ताशी ३०-३३ किलोमीटरने जाते आणि सबंध रात्र घेते. तू पैसे मोजतोस ते त्या रात्रीचे. गाडी कोणी चालवायची नाही, बॅगा एकदाच उघडायच्या, पोरं पोहायच्या टाकीपाशी, म्हातारी माणसं डेकवर खुर्चीत, आणि जेवायला सगळे एका टेबलावर. तीन पिढ्या घेऊन केलेल्या सहलीत अर्धा वेळ एकमेकांची वाट बघण्यात जातो, तो इथे वाचतो. स्नेहाला तीन दिवस ओट्याकडे बघावं लागणार नाही, हेही धरून चाल.

आता खोली. जाहिरातीत बाल्कनी दाखवतात आणि माणूस तिथेच फसतो. बोट दोन तऱ्हांनी हलते. एक, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर-खाली होते, फळीवर बसून खेळतात त्या सी-सॉसारखी. दोन, ती दोन्ही कुशींवर डोलते, पाळण्यासारखी. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला काही कळत नाही, टोकावरचा उडतो. पाळण्यातही जितकं उंच तितका झोका मोठा. म्हणून ज्याला बोट लागते त्याची खोली लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हवी. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांनी कुशीवरचं डोलणं बरंच कमी होतं, पण नाळेचं वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. तेव्हा ‘आमची बोट हलतच नाही’ असं एजंट म्हणाला तर मान डोलाव आणि नकाशा माग. प्रत्येक मजल्याचा नकाशा असतोच. त्यात बघ, आपल्या खोलीच्या डोक्यावर काय आहे. पोहण्याची टाकी किंवा स्वयंपाकघर असेल तर पहाटेपासून खुर्च्या आणि गाड्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाटकगृह किंवा नाचाची जागा असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. नाळेजवळच्या खोल्यांत नांगर सोडताना साखळीचा खडखडाट. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असलेली खोली सर्वांत शांत.

बिनखिडकीची खोली स्वस्त असते आणि झोपेपुरती वाईट नाही, पण सकाळ झाली की नाही ते तिथे कळत नाही, आणि ज्याला बोट लागते त्याला क्षितिज दिसलेलं बरं. निदान एका खोलीला खिडकी घे. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि सूर्य उजव्या हाताला बुडतो. येताना उलट. दोन्ही बाजू डेकवरून फुकट दिसतात, तेव्हा सूर्यास्तासाठी खोलीला जादा पैसे मोजू नकोस.

एका खोलीत चौघांना झोपता येतं. वरच्या दोन फळ्या भिंतीतून उघडतात. पहिल्या दोन माणसांना पूर्ण भाडं आणि तिसऱ्या-चौथ्याला कमी, असा बहुतेक कंपन्यांचा हिशेब, म्हणून चौघांत खोली स्वस्त पडते. पण न्हाणीघर एकच, आणि तेही आपल्या देवघराएवढं. आपण सहा जण. दोन खोल्या घे, मधे दार असलेल्या मिळाल्या तर उत्तम, आणि वरच्या फळीवर अर्णवच झोपेल, सई नाही. खोल्यांची दारं जड असतात आणि बोट कलली की स्वतःहून आपटतात. सईची बोटं त्यात जाणार नाहीत इकडे पहिल्या तासापासून लक्ष ठेव.

दिवस कोणते निवडायचे? पावसाळ्यात या किनाऱ्यावर प्रश्नच नाही, नारळी पौर्णिमेआधी दर्यात जायचं नाही हे इथल्या पोराला सांगायला नको. पण पाऊस सरला की समुद्र निवळला असंही नाही. अरबी समुद्रातल्या वादळांचे दोन हंगाम असतात, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. फयान आलं ते २००९ च्या नोव्हेंबरात, क्यार २०१९ च्या ऑक्टोबरात, तौक्ते २०२१ च्या मेमध्ये. म्हणून दिवाळीची सुट्टी आणि मे हे दोन्ही काळ पोरांच्या शाळेला सोयीचे असले तरी समुद्राच्या मर्जीचे. मेमध्ये दुपारनंतर वारा चढतो तो वेगळाच. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी सर्वांत शहाणं. त्यातही नाताळचा आठवडा सोड, भाडं चढलेलं असतं आणि गर्दी इतकी की टाकीत पाय बुडवायला जागा नाही. जानेवारीच्या मधल्या दिवसांत शनिवार-रविवार धरून शाळेचे दोन दिवस बुडव. अर्णव सहावीत आहे, दहावीत नव्हे.

बोट लागण्याबद्दल नीट लिहिते, कारण सगळा बेत याच्यावर फिस्कटतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘हलतंय’, आणि खोलीत बसलेले डोळे सांगतात ‘सगळं स्थिर आहे’. या भांडणातून मळमळ सुरू होते. म्हणून फोनवर डोळे लावले की ती वाढते, आणि डेकवर उभं राहून लांब क्षितिजाकडे बघितलं की उतरते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट सर्वांत जास्त लागते, म्हणजे सई आणि अर्णव दोघेही त्यात आले. म्हाताऱ्यांना त्या मानाने कमी. गोळी घ्यायची ती बोट सुटण्याआधी तास-दोन तास. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच पिशवी उघडतात. आपल्याकडे मिळणाऱ्या अ‍ॅव्होमिनने झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना ती द्यायचीच नाही, आणि सईच्या वयाला द्यावी का, किती द्यावी, हे तिच्या डॉक्टरांना आधी विचार. काचबिंदू असलेल्यांनी किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये, तेव्हा बाबांच्या गोळ्यांची यादी त्याच वेळी दाखव. उपाशीपोटी राहायचं नाही, तळकट खायचं नाही. कुरमुरे, टोस्ट, थोडा आलेपाक. आल्याचा काही जणांना उपयोग होतो, ते नुसतं आजीचं औषध नाही. तरीही लागलीच तर मध्यावरच्या जागी उताणं पडून डोळे मिटायचे.

बरोबर काय न्यायचं त्यापेक्षा काय न्यायचं नाही ते महत्त्वाचं. इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, अनेक प्लगांची पट्टी, यांतलं काहीही चालत नाही. बोटीवर आगीइतकं दुसरं भय नाही, म्हणून तपासणीत काढून घेतात. घरचं खाणंही बहुतेक ठिकाणी अडवतात, तान्ह्या बाळाचं सोडून. आलेपाकाची वडी जाऊ देतील का ते आधी विचारून घे, माझ्या चकल्या मात्र घरीच खा. बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि खोलीत यायला काही तास लागतात. त्यामुळे औषधं, पोरांचे पोहायचे कपडे, ओळखपत्रं, चार्जर हे सगळं हातातल्या पिशवीत. खोलीच्या भिंती पोलादी असतात, चार चुंबकाचे हुक नेलेस तर ओले कपडे टांगायची सोय होते. आणखी एक, जे कोणी बोलत नाही. तिथले संडास हवेने ओढणारे असतात. ओले वाइप्स, पॅड, डायपर यांतलं काही आत गेलं तर एकाच खोलीचा नाही, सबंध ओळीचा खोळंबा होतो.

खर्चाकडे ये. जाहिरातीतलं भाडं माणशी असतं आणि एका खोलीत दोघे धरून. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी, सेवाशुल्क. साधं जेवण त्यात येतं. दारू, थंड पेयं, वेगळी हॉटेलं, इंटरनेट, बंदरावरच्या सहली येत नाहीत. सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढतो, रोख कुठेच लागत नाही, म्हणून तो लागलेला कळतही नाही. अर्णवच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घे. खेळांच्या यंत्रांपाशी कार्ड टेकवलं की झालं. बिल शेवटच्या रात्री बघ, सकाळी त्या खिडकीपाशी रांग लागते. किनारा दूर गेला की फोन बोटीवरच्या महागड्या नेटवर्कला आपोआप चिकटतो. सुटल्याबरोबर सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. आणि बाबांना आत्ताच सांगून ठेव, बोट समुद्रात असली तरी ताटातला मासा शीतपेटीतला असतो. नंतर तोंड वाकडं करायचं नाही.

टाकीत डायपर घातलेल्या मुलांना सोडत नाहीत, सईची ती वेळ सरली हे बरं झालं. पण टाकीपाशी जीवरक्षक असेलच असं धरू नकोस. कोणीतरी एक मोठं माणूस, हातात फोन न घेता. बुफेला जाताना हात साबणानेच धुवायचे, कारण बोटीवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या जुलाब-उलट्यांवर बाटलीतलं सॅनिटायझर फारसं चालत नाही. दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. मधुमेह-रक्तदाबाची माणसं बरोबर आहेत, तेव्हा बोटीवरून हलवण्याचा खर्च देणारा विमा घे. तुझ्या वहिनींनाही सातव्या म्हणून घ्यायचं म्हणतोस, तर हे आधी बघ: २४ आठवडे झालेल्या गरोदर बाईला बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. सुटायच्या नव्हे, परतायच्या तारखेपर्यंतचे आठवडे मोजायचे.

चढल्यावर सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा. लोक तेव्हा फोटो काढत असतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला घासून कलली आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी नव्याने चढलेल्यांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता ती सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घ्यावीच लागते. आपल्या किनाऱ्याला तर हे वेगळं सांगायची गरज पडू नये. १७ जुलै १९४७ ला भर पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेवर माणसं बुडाली. कोकणातल्या म्हाताऱ्या बायका बोटीचं नाव काढलं की अजून हात जोडतात ते यामुळे. तू घाबरू नकोस, पण जमायची जागा कुठली, मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं खोलीत आहेत का, एवढं पोरांना घेऊन चालत जाऊन बघ.

बंदर गाठणं हा कप्तानाच्या हातातला विषय आहे, तिकिटातला नव्हे. लक्षद्वीपची फेरी मोहक दिसते, पण तिथे मोठी बोट बाहेर थांबते आणि छोट्या होड्यांतून उतरवतात. जुन्या आगबोटी वेंगुर्ल्याला यायच्या तेव्हा पडावातून उतरायचे तसंच. लाट असेल तर उतरणं रद्द, आणि परत मिळालेच तर बंदराच्या शुल्कापुरते पैसे. बाबांच्या गुडघ्यांना डोलत्या होडीत पाय टाकणं जमणार नाही. म्हणून पहिल्या खेपेला गोवाच. मुरगावात बोट धक्क्याला लागते, पायऱ्या उतरून सरळ जमिनीवर. तिथून पणजी तीसेक किलोमीटर, तेव्हा एका दिवसात मंगेशी, जुनं गोवं आणि समुद्रकिनारा असं तिन्ही करायला जाऊ नकोस. एकच ठरव. चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या बऱ्याच आधीची असते. बोट कोणासाठी थांबत नाही.

मला यातलं जे एकच खटकतं ते हे, की ही बोट आपल्या सगळ्या कोकणाच्या पुढून रात्रीच्या अंधारात जाते. विजयदुर्ग, देवगड, मालवण, काहीच दिसत नाही. फार तर लांबवर निवतीच्या खडकांवरचं दीपगृह लुकलुकेल. पोरांना कोकण दाखवलं असं त्याला म्हणता येणार नाही.

म्हणून असं कर. परतीचं तिकीट काढूच नकोस, मुंबई-गोवा एकेरी फेरी मिळते का बघ. मी आणि बाबा कुडाळहून तुतारी एक्सप्रेसने आदल्या दिवशी ठाण्याला येतो. त्याच दिवशी नको, आपली गाडी उशिरा येते आणि बोट थांबत नाही, वर लिहिलंच आहे. मुरगावला उतरलो की वेंगुर्ले शंभरेक किलोमीटर. सहा जण आणि बॅगा, मोठी गाडी आधीच सांगून ठेव. मग चार दिवस इथे. जानेवारीत काजूला मोहर असतो आणि चुलीवरचा मासा ताजा असतो.

सगळ्यांचं आधार कार्ड शोधून ठेव, पोरांचंही. नावाचं स्पेलिंग तिकिटाशी जुळतंय का ते रविवारीच बघ.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतायत, बोटीवर सकाळी चहा किती वाजता मिळतो. एजंटला विचारून कळव.